रंग गेला कुठे?

शेकर थांबवून मी फ्लास्क उजेडात धरला, तसे काका खुर्चीतून उठलेच. "अगं, हे तर नळाचं पाणी!"

काका म्हणजे दांडिया बाजारातले आमचे जुने शेजारी. बडोद्याबाहेर त्यांचं छोटं डाईंग युनिट आहे. इटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून, निघालेल्या पाण्याची निळी छटा जाता जात नव्हती, म्हणून मी लाकूड कुजवणारी बुरशी लावून बघत होते. ही पांढऱ्या कुजेची बुरशी लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन फोडते. लिग्निनची रचना इतकी वेडीवाकडी, की तिला एकच कुलूप उघडणारं विकर (एन्झाइम) पुरत नाही. म्हणून बुरशी लॅकेज, पेरॉक्सिडेज अशी विकरं अंगाबाहेर सोडते आणि ती फारशी निवड करत बसत नाहीत; समोर रंग आला तर तोही फोडतात. यातलीच एक बुरशी, फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम, डीडीटी हे कीटकनाशकसुद्धा मोडते, हे 1985 सालीच 'सायन्स'मध्ये छापून आलंय.

"थांबा, शेजारचाही बघा," मी म्हटलं. त्यात तीच बुरशी होती, पण ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, मारलेली. पाणी तिथंही बरंच फिकं झालेलं. काकांचा चेहरा पडला. मी चिमट्यानं दोन्हींतले गोळे काचेवर काढले. मेलेला गोळा नीळ पडलेल्या बनियनसारखा गडद, त्यानं रंग नुसता शोषला होता. जिवंत गोळा मात्र दुधी. त्याच्या पाण्यात लॅकेज ओळखणाऱ्या एबीटीएस या रसायनाचे थेंब टाकले, तर बघता बघता हिरवं झालं: लॅकेज कामावर होतं. रंग खरंच मोडला होता. माझ्या मते त्या दिवसाची कमाई हीच, नितळ पाणी नव्हे.

पण हा सगळा खेळ निर्जंतुक केलेल्या, ॲसिड घालून पीएच साडेचारच्या आसपास आणलेल्या पाण्यातला. युनिटचं पाणी जसंच्या तसं घातलेला फ्लास्क गढूळ, निळा आणि घाण वास मारणारा. अल्कलीत बुरशी मरगळली आणि जिवाणूंनी घर बळकावलं.

"आणि तिला खायला काय घालतेस?"

"ग्लुकोज."

"म्हणजे मी पाण्यात साखर घालू आणि प्रदूषण बोर्डवाल्यांना सीओडी कमी झाला म्हणून दाखवू?"

बिनतोड प्रश्न. सीओडी म्हणजे पाण्यातले पदार्थ मोडायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, आणि ग्लुकोजनं तो वाढतोच. मी म्हटलं, बुरशी शेंगांच्या टरफलांवर वाढवून बघू, बसायला जागा तीच आणि खायलाही तेच.

"टरफलं पोतंभर पाठवतो," काका म्हणाले, "पण ॲसिडचा खर्च आधी काढून ठेव."