स्वयंपाकघरातली चप्पल

माझं पोळी-भाजीचं छोटं केंद्र आहे, पुण्यात, सहकारनगरला. पहाटे कणकेला हात लागला की दुपारपर्यंत ओट्यापाशी उभंच राहायचं, तेही कोटा फरशीवर अनवाणी. शेवटी उजवी टाच धरली. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की जीव जायचा. जरा लंगडत फिरलं की पाय सैल व्हायचा, आणि जेवून उठताना परत तेच.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाईंनी वीट गॅसवर तापवली, वर रुईची पानं ठेवली आणि त्यावर टाच टेकवायला लावली. पानं चरचरतात, हिरवट उग्र वास सुटतो, आणि खरं सांगते, तेवढ्यापुरतं फार बरं वाटतं. (शुगर असणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. पाय बधिर असला तर भाजलेलं कळतही नाही.) शेजारच्या वहिनींचं निदान तयार होतं, "हाड वाढलंय. इंजेक्शन घ्या नि मोकळ्या व्हा."

हाड वाढलेलं एक्स-रेत दिसलंही. पण डॉक्टरांनी त्याचं काही मनावर घेतलं नाही. टाचेच्या खाली, आतल्या बाजूला अंगठ्याने दाबलं, मी ओरडले, तेवढं त्यांना पुरलं. असं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या कितीतरी जणांत सापडतं म्हणाले. दुखतो तो टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा, प्लांटर फॅशिया. रात्रभर तो आखडून राहतो आणि उठल्या उठल्या सगळं वजन त्याच्यावर येतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन त्यांनी मागे ठेवलं. आराम पडतो, पण थोड्या दिवसांचा. आणि वरचेवर घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते, पट्टा तुटूही शकतो.

फिजिओथेरपीवाली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, पण दटावते बाई पक्की. अंथरुणातच पायावर पाय घेऊन बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे, असं दहादा. मगच पाय खाली. दिवसा भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला, पोटरी ताणायची. हे सगळं मी निमूट ऐकलं. मग ती म्हणाली, "काकू, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही."

आता आली का पंचाईत! आमचं देवघर स्वयंपाकघरातच. चप्पल उंबऱ्याच्या आत आलेली या घराने पाहिलेली नाही. दोन दिवस मी विषयच काढला नाही. शेवटी एमसीआरची चप्पल आणली, मऊ रबराची, मधुमेहाच्या पेशंटना देतात ती, आणि खोक्यासकट सासूबाईंसमोर ठेवली. त्यांनी तळवा बोटाने दाबून बघितला. "बाहेर नाही ना नेणार? मग घाल. देवापाशी काढ." गोळ्यांपेक्षा मला या परवानगीने जास्त गुण आला, असं माझं स्पष्ट मत आहे. ओट्याखाली पाटही ठेवलाय, पोळ्या लाटताना आलटून पालटून एकेक पाय त्यावर.

बाहेरच्या बुटांचं एकच सांगते. दुकानात दोन्ही हातांनी वाकवून बघा. बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडली तर परत ठेवा. आणि खरेदीला संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. माझी कोल्हापुरी सध्या लग्नकार्यापुरती. तिचा सपाट तळ टाचेला सोसत नाही.

चालणं सोडायचं नव्हतं, बदलायचं होतं. पर्वती बंद, कारण चढताना पट्टा ताणला जातो. त्याऐवजी तळजाईवर मातीच्या सपाट वाटेने छोटी फेरी, दुखायला लागायच्या आत मागे फिरायचं. घरी आलं की फ्रीझरमधली बर्फ झालेली बाटली पायाखाली लाटायची.

बरं व्हायला महिने लागतात, हे मात्र आधीच मनाशी धरा. गौरी-गणपतीत पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या की टाच अजून कुरकुरते. यंदा लाटायला एक मदतनीस ठेवतेय.