पहाटे 4 वाजता गरम लागलेला पाइप

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या यण्णीमज्जनाला, म्हणजे तैलाभिषेकाच्या दिवसाला, आठ दिवस उरले होते, तेव्हा बाळीवेशीतल्या एका घरातून वहिनींचा फोन आला. "दादा, सोलरचं पाणी संध्याकाळी कढत असतं, सकाळी कोमट. एक जण बघून गेला, म्हणतोय जुनं झालंय, सगळं बदला."

सोलापूरची थंडी ती काय, असं बाहेरचे म्हणतात. पण त्या घरातले अप्पा 78 वर्षांचे. पहाटे साडेचारला आंघोळ करून पूजेला बसतात. तरुणपणी त्यांनी यात्रेतला उंच नंदीध्वज पेललाय, आता नातू पेलतो. मी गेलो तर अव्वांनी, म्हणजे आजींनी, माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढलेला, न्हाणीत धूर कोंडलेला आणि अव्वांना खोकला आवरत नव्हता. ते बघून मला राहवेना. म्हटलं, गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, आधी हे काम करून देतो.

गच्चीवर दोन तांब्याचे पॅनेल, 200 लिटरची स्टीलची टाकी, 14 वर्षांची. काच शाबूत, तोंड दक्षिणेला. दोष लगेच दिसला, असं मला वाटलं. टाकीपासून न्हाणीपर्यंत एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, कठड्याला वळसा घालत 24 मीटर गेलेला. त्यावरची काचलोकर कबुतरांनी उपसून नेलेली, उरलेली भिजून लगदा झालेली. भिजलेली लोकर ऊब धरत नाही. एक इंची पाइपात मीटरला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी मावतं. म्हणजे नळ सोडला की आधी 14 लिटर गार पाणी. जवळजवळ बादलीभर! ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं रोज सकाळी एक बादली मोरीत सोडायची म्हणजे जिवावर येतं.

तो वळसा काढून टाकला. पाऊण इंची नवी लाइन सरळ खाली घेतली, 11 मीटर. त्यात चारच लिटर पाणी राहतं. वर 19 मिलिमीटर जाडीची नायट्राइल रबरची नळी चढवली, एल्बो आणि टी सुद्धा झाकले. बरेच जण सरळ पाइप गुंडाळतात आणि वळणं उघडी ठेवतात. काळं रबर आमच्या उन्हात दोन-तीन वर्षांत भुगा होतं, म्हणून वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. पैसे घेतले, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन. "दादा, पाणी लगेच येतंय, पण कोमटच आहे."

दिवसभर ते डोक्यातून जाईना. संध्याकाळी जाऊन थर्मामीटर लावला, 61 अंश. मग त्याच रात्री अप्पांची परवानगी घेऊन पहाटे 4 ला गच्चीवर गेलो. टाकीतलं पाणी 38 अंश. 200 लिटर पाणी 23 अंशांनी उतरलं, म्हणजे पाच युनिटांहून जास्त विजेची उष्णता एका रात्रीत गेली होती. टाकीचा फोम खराब झाला असेल, असं धरून मी टाकीला हात लावला. बाहेरून गार. फोम खराब असता तर पत्रा उबदार लागला असता. मग पॅनेलकडून टाकीत जाणारा वरचा पाइप धरला. त्या वेळी तो दगडासारखा गार असायला हवा. तो गरम होता.

दिवसा पॅनेलमधलं पाणी तापून हलकं होतं आणि वर टाकीत चढतं, पंप लागत नाही. रात्री उघड्या आभाळाखाली पॅनेल गार पडतं, त्यातलं पाणी जड होऊन खाली बसतं आणि उलटा फेरा सुरू होतो. टाकीतलं गरम पाणी वरच्या पाइपानं पॅनेलमध्ये ओढलं जातं. दिवसभर उन्हात कमावलेली ऊब रात्रभर आभाळात जाते. टाकीचा तळ पॅनेलच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी उंच असला की हे सहसा होत नाही. इथं दोन्ही एका पातळीत!

अप्पांना विचारलं. म्हणाले, "सहा वर्षांमागं गच्ची गळत होती, वॉटरप्रूफिंग केलं. स्टँडचे पाय गंजलेले, म्हणून कामगारांनी विटांवर टाकी ठेवली." तेव्हापासून पाणी कोमट, आणि दोष मात्र जुन्या टाकीवर.

तरी खात्री करायची होती. टाकी आणि पॅनेलच्या मधल्या दोन्ही वॉल्व्हपैकी एक जाम होता, तो बदलला. सूर्य मावळल्यावर दोन्ही बंद केले. पहाटे पाणी 56 अंश. टाकी एकदम ठणठणीत होती. ऊन यायच्या आत वॉल्व्ह उघडले. ते बंद राहिले तर पॅनेलमध्ये वाफ कोंडते. हे रोज कुणी लक्षात ठेवून करणार नाही, म्हणून कायमचा इलाज हवा होता.

वेल्डरला बोलावून अँगलचं स्टँड केलं, टाकी दीड फूट वर गेली. गार पाण्याची टाकी त्याहून उंच आहे, हे आधीच मोजून घेतलं होतं. हवेचा पाइपही वाढवला, कारण त्याचं तोंड गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर लागतं, नाहीतर पाणी वाहत राहतं. पॅनेलकडून येणारा पाइप सलग चढता ठेवला, मध्ये कुबड आलं की हवा अडकते. तोही गुंडाळला. या कामाची मजुरी मी घेतली नाही. पहिल्या दिवशीच टाकीची पातळी बघायला हवी होती.

यण्णीमज्जनाच्या पहाटे मी न बोलावता गेलो. 57 अंश. अप्पांची आंघोळ झालेली, नातू पांढरी बाराबंदी घालून उभा, आणि अव्वा बंब चिंचेनं घासत होत्या, परत माळ्यावर टाकायला.

गड्डा झाल्यावर पॅनेलचा खार काढायला परत जायचंय. बोअरच्या पाण्यानं तांब्याच्या नळ्या आतून पांढऱ्या झाल्यात.