सावलीतल्या वाफ्याने मला काय काय करायला लावलं

भिंतीलगत माझा एक वाफा आहे, 12 फूट लांब आणि जेमतेम 3 फूट रुंद. एका टोकाला आंब्याचं जुनं झाड. पाच वर्षं मी हाती येईल ते रोप त्यात लावत गेले आणि एक दिवस मोजलं तर 19 प्रकार निघाले. धड एकही नव्हता. गुलाबाच्या नुसत्या काड्या वर गेल्या होत्या, मोगऱ्याला कळी धरत नव्हती आणि क्रोटनची लाल-पिवळी पानं पार हिरवी पडली होती.

नवी रोपं आणण्याआधी ऊन मोजायचं ठरवलं. कागदावर वाफ्याचा आराखडा काढला आणि सकाळी सातपासून दर दोन तासांनी जिथे ऊन पडेल तो भाग पेन्सिलीने रंगवत गेले. संध्याकाळी कागद बघितला तेव्हा कळलं की मी जिला एक सावली समजत होते त्या तीन होत्या. बुंध्यापाशी दिवसभर थेट ऊन नाही, मधल्या भागात पानांतून झिरपणारे कवडसे, आणि दुसऱ्या टोकाला सकाळचं दोन-अडीच तास कोवळं ऊन. गुलाबाला रोज सहा तास तरी ऊन लागतं, तो तिथे फुलणार कसा? (हिवाळ्यात सूर्य कलतो, तेव्हा हे मोजमाप पुन्हा करावं लागतं. मी केलं, आणि कवडशांची जागा चांगली दोन फूट सरकलेली निघाली.)

मग काढाकाढी. हे सगळ्यात जड गेलं, कारण प्रत्येक रोपामागे कुणाची तरी आठवण होती. गुलाब, मोगरा आणि क्रोटन कुंड्यांत घालून उन्हात नेले, बाकीची आणखी आठ झाडं ज्यांच्याकडे जागा होती त्यांना दिली.

आंब्याखाली खुरपं घातलं तर ते आत जाईना. माती बाजूला केली, तर खाली बारीक मुळांची जाळी, गोणपाटासारखी विणलेली. झाडाची पाणी शोषणारी मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. वरून पावसाचं पाणीही पर्णसंभार अडवतो, म्हणून पाऊस पडून गेल्यावरही तिथली माती कोरडीच. मी वर सहा इंच नवी माती टाकणार होते. ते टाळलं हे बरं झालं, कारण अशाने मुळांची हवा तुटते आणि बुंधा कुजू शकतो. त्याऐवजी जाड मुळांच्या मधल्या फटींत मुठीएवढे खड्डे केले आणि मुद्दाम लहान रोपं लावली. पानांच्या खताचा दोन इंचांचा थर पसरला, बुंध्यापासून वीतभर लांब.

कोरड्या सावलीत सान्सेव्हेरिया (म्हणजे स्नेक प्लांट) आणि स्पायडर प्लांट तगले. कवडशांच्या भागात नेचे, पीस लिली आणि कंदातून येणारं, रंगीत पानांचं कॅलॅडियम. सकाळच्या उन्हाच्या टोकाला पुढे अबोली, आणि मागे, जिथे ओल टिकते तिथे सोनटक्का, कारण तो चार-पाच फूट वाढतो. रंगांचंही एक लक्षात आलं. गडद जांभळा कोलियस सावलीत चार पावलांवरून दिसेनासा होतो, पांढऱ्या रेघांची पानं मात्र उजेड असल्यासारखी उठून दिसतात. पण अशा पानांना हिरव्यापेक्षा जास्त प्रकाश लागतो, म्हणून अगदी दाट सावलीत साधी हिरवीच पानं ठेवली.

मनी प्लांट मोहात पाडत होता. जमिनीत लावला की तो झाडावर चढतो आणि सगळं झाकून टाकतो, म्हणून नाही म्हटलं.

रोपांमध्ये दीड दीड फूट अंतर सोडलं. पहिले तीन महिने ती उघडी माती बघवत नव्हती. हिवाळ्यात कॅलॅडियमची पानं पिवळी पडून गळाली आणि मी ते उपटायला निघाले. बोटाने उकरून बघितलं तर कंद घट्ट होता, सडलेला नव्हता. पाणी तोडून तसाच ठेवला. उन्हाळा सुरू होताच सुरळी केलेलं, गुलाबी टोकाचं पान मातीतून वर आलं.

आता नेच्यांनी मधली जागा भरून काढली आहे. बुंध्याभोवतीच्या हातभर जागेत तीनदा रोपं लावून पाहिली, एकही टिकलं नाही. तिथे आंब्याचीच वाळलेली पानं पडू देते.