घरोघरी नळ, कागदावर पाणी : माहितीचा अधिकार वापरतानाचा माझा अनुभव

जलजीवन मिशनच्या वेबसाईटवर कुणीही आपल्या गावाची माहिती बघू शकतं, लॉगिन वगैरे काही लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलं की गावात घरं किती, नळजोडण्या किती आणि गाव "हर घर जल" झालं का ते दिसतं. आमचं गाव तिथं नुसतं हर घर जल नाही, तर प्रमाणित हर घर जल आहे. आणि आमच्या वरच्या आळीत दिवाळी सरली की नळाला थेंब येत नाही, बायका खालच्या विहिरीवर जातात, नाहीतर विकतच्या टँकरला पैसे देतात. नळ आहेत, ओटे आहेत, ओट्यावर योजनेचं नाव पण रंगवलंय.

ही योजना १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाली, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात द्यायचं, २०२४ पर्यंत सगळ्या ग्रामीण घरांना. मुदत पुढे २०२८ पर्यंत वाढवली. आमच्या गावाचं मात्र कागदावर कधीच पूर्ण झालंय, म्हणजे पुढच्या वाढीव मुदतीत आमचा विचार कोण करणार? मला खरी भीती याचीच वाटली. काम अर्धं आहे असं नोंदलेलं असतं तर निदान पुढं होण्याची आशा तरी असते, पण पूर्ण म्हणून शिक्का बसलेल्या कामाकडे परत कुणी बघत नाही.

आता प्रमाणित म्हणजे काय, हे मी आधी नीट समजून घेतलं. पाणीपुरवठा खात्याने काम झालं असं कळवणं वेगळं आणि प्रमाणित होणं वेगळं. इंजिनिअर काम पूर्ण झाल्याचा दाखला ग्रामपंचायतीला देतो, तो ग्रामसभेत वाचून दाखवायचा असतो, सगळ्या घरांना, शाळेला, अंगणवाडीला पाणी येतंय याची खात्री करून ग्रामसभा ठराव करते आणि मग तो ठराव अपलोड होतो. म्हणजे आमच्या गावात पाणी येतंय हे ग्रामसभेने, म्हणजे आम्हीच लिहून दिलेलं असणार. मी आमच्या बचत गटात विचारलं, असा ठराव झालेला कुणाला आठवतोय का? कुणालाच आठवेना.

ग्रामसेवक भाऊंना विचारायला गेले तेव्हा ते चांगलं बोलले, चहा पण मागवला, पण उत्तर एकच, "ताई, योजना खात्याची आहे, आमच्याकडे फक्त हस्तांतर झालं." खात्याच्या उपविभागात गेले तर ते म्हणाले आम्ही ग्रामपंचायतीला ताब्यात दिली, आता देखभाल त्यांची. असं दोन्हीकडून ऐकल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली की पाणी का येत नाही हा प्रश्न विचारून काही हाती लागणार नाही. का आणि कसं याला कुणी बांधील नसतं, तोंडी उत्तर दिलं की विषय संपला. बांधील असते ती सही. म्हणून ज्या ज्या कागदावर कुणीतरी सही करून "काम झालं, पाणी आलं" असं म्हटलंय तो कागदच मागायचा.

माहितीचा अधिकार कायदा २००५ चा, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे, महाराष्ट्रात त्याच्याही आधी राज्याचा वेगळा कायदा होता. आपल्याकडे अर्ज जोडपत्र अ या ठरलेल्या नमुन्यात करायचा, त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एक अट आहे, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. त्यामुळे मी अर्ज वेगवेगळे केले. ग्रामपंचायतीकडे हर घर जल ठरावाच्या ग्रामसभेची नोटीस, इतिवृत्त आणि हजेरीच्या सह्यांचं पान मागितलं. उपविभागाकडे मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी आणि काम पूर्णत्वाचा दाखला, आणि वेगळ्या अर्जाने त्रयस्थ संस्थेचा तपासणी अहवाल. सगळ्यांच्या झेरॉक्सवर पोच घेतली, तारखेचा शिक्का स्पष्ट उठला का ते बघून घेतलं, कारण पुढच्या सगळ्या मुदती त्या शिक्क्यापासून मोजतात.

आवकला बसलेल्या बाईंनी विचारलं, "कशाला पाहिजे तुम्हाला हे?" त्यांचा हेतू वाईट नव्हता, सवयीने विचारलं असणार. पण कायद्याच्या कलम ६(२) मध्ये स्वच्छ लिहिलंय की अर्जदाराला कारण विचारता येत नाही. हे मी शांतपणे सांगितलं, त्यांनी शिक्का मारला. माझं सगळ्या बायकांना सांगणं आहे की हे एक कलम तरी पाठ करून जा, कारण "कशाला पाहिजे" या प्रश्नावरच आपल्यातल्या निम्म्या जणी माघारी फिरतात, घरी गेल्यावर नवऱ्याला किंवा सासऱ्याला फोन आलेला असतो की तुमच्या घरातून अर्ज आलाय म्हणून, आणि मग घरातच विषय बंद होतो. मला पण असा फोन आला, म्हणजे माझ्या दिरांना. त्यांनी "वहिनी बघतील" एवढंच सांगून ठेवून दिला, याबद्दल मी त्यांचे उपकार मानते. सगळ्यांना असं घर नसतं. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, ते जमिनीचे घोटाळे माहिती अधिकारातून बाहेर काढायचे. आमचा विषय त्या मानाने फार लहान, पण अर्ज करणाऱ्याच्या मनात कुठेतरी हे असतंच.

उपविभागाने मुदतीत पत्र दिलं, अंदाजपत्रक, एमबी आणि दाखल्याची पानं एवढी एवढी आहेत, पानाला २ रुपये प्रमाणे भरा, किंवा आधी येऊन बघा. मी बघायला गेले. कागद बघण्याचा, टिपणं काढण्याचा, एवढंच काय कामाच्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचा सुद्धा हक्क याच कायद्यात आहे. आणि २०१८ पासून राज्यात शासनाचं परिपत्रक आहे की जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या कार्यालयांनी, स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना कागदपत्रं बघायला ठेवायची. बऱ्याच ऑफिसात हे कुणाला माहीत नसतं, परिपत्रकाची प्रत सोबत न्यावी.

एमबी पहिल्यांदा उघडली तर काही कळत नाही, आकडेच आकडे. एक तरुण कनिष्ठ अभियंता होता, त्याने स्वतःहून खुर्ची ओढून समजावलं की हा पाईपचा व्यास, ही लांबी, ही खोदाई, ही मोजमाप घेतल्याची तारीख आणि ही सही, या नोंदीवरूनच ठेकेदाराचं बिल निघतं. वरच्या आळीला जाणारी शेवटची लाईन एमबीत ९० मिमी व्यासाची होती, चर साधारण मीटरभर खोल.

हा आकडा मी वहीत लिहून घेतला आणि घरी आले. आमच्या आळीत एकाच्या घराच्या पायाची खोदाई चालू होती आणि तिथं पाईप उघडा पडला होता, वीतभर खोलीवरच. एचडीपीई म्हणजे प्लॅस्टिकच्या पाईपवर कंपनीने व्यास, प्रेशरचा दर्जा आणि आयएस नंबर छापलेला असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पोरांनी माती पुसली. ६३ मिमी छापलेलं होतं. वरच्या आळीला चढ आहे, टाकीपासून लांब आहे, आणि शेवटच्या टप्प्याला एवढा बारीक पाईप टाकला तर खालच्या घरांचे नळ चालू असताना वर दाब उरणारच नाही, हे सांगायला इंजिनिअर कशाला पाहिजे. टेप लावून, गावातल्या चार लोकांना उभं करून फोटो काढले, मोबाईलमध्ये तारीख आणि लोकेशन येईल असे.

इकडे उत्तराची ३० दिवसांची मुदत उलटली तरी ग्रामपंचायतीकडून काही नाही. मग प्रथम अपील, जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टॅम्प, पंचायत समितीत. अपील टाकल्यावर लगेच उत्तर आलं, नोटीस आणि इतिवृत्ताची प्रत मिळाली पण हजेरीचं पान नाकारलं, कारण काय तर सह्या ही लोकांची वैयक्तिक माहिती आहे, कलम ८(१)(ञ), ज्याला सगळे आठ एक जे म्हणतात.

याच्यावर मला थोडं जास्त बोलायचंय कारण हे फक्त माझ्या गावापुरतं नाही. आधी या कलमात असं होतं की ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने कुणाच्या खाजगीपणात विनाकारण घुसखोरी होईल, तेवढीच नाकारायची, आणि जनहित मोठं असेल तर ती पण द्यायची. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकाला पण नाकारता येणार नाही असं वाक्य पण तिथं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं काढून नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच ठेवलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. आता विचार करा, सरकारी कागदावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच. ठेकेदाराचं नाव, लाभार्थ्याचं नाव, सही करणाऱ्याचं नाव. नाव झाकलं तर जबाबदारी कुणाची ठरवायची? राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात जनसुनवाया घेतल्या, तिथं हजेरीपटावरची नावंच तर लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि मेलेल्या माणसांच्या, कधी कामावर न गेलेल्या माणसांच्या नावाने मजुरी उचलल्याचं तिथंच उघड झालं. त्यातूनच हा कायदा आलाय. नावं काढून घेतली तर कायद्याचा जीवच काढून घेतल्यासारखं होईल, हे मला अगदी मनापासून वाटतं.

पण कलम ८(२) अजून शाबूत आहे, जनहित जास्त असेल तर सूट असलेली माहिती सुद्धा देता येते. सुनावणीला मी एवढंच मांडलं, की ग्रामसभा ही उघडी सभा आहे, तिथं कोण आलं होतं हे गुपित असूच शकत नाही, आणि याच सह्यांच्या जोरावर सरकारने सगळ्या गावाला पाणी पोचलं असं धरलंय. अपिलीय अधिकारी मॅडम होत्या, त्यांनी नीट ऐकलं आणि पान द्यायचा आदेश केला, मुदत उलटून गेल्याने कलम ७(६) प्रमाणे विनाशुल्क.

कागद हाती आल्यावर कळलं, ठरावाची ती ग्रामसभा तहकूब होऊन परत भरलेली होती. पहिल्या सभेला १५ टक्के किंवा १०० मतदार यातली कमी असेल ती गणपूर्ती लागते, तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीच लागत नाही. कायद्यात बसतं ते. पण मोजक्या सह्या, वरच्या आळीतलं एकही नाव नाही, आणि ज्या दोन बायकांच्या सह्या आहेत त्यातली एक म्हणते मी त्या दिवशी माहेरी होते.

१ मेच्या ग्रामसभेला आम्ही बायका ठरवून गेलो, आधी महिला सभेत विषय लिहून घेतला, मग मुख्य सभेत जुना ठराव, एमबीचं पान आणि पाईपचे फोटो वाचून, दाखवून ठेवले. कुणावर ओरडलो नाही. वरच्या आळीला पाणी येत नाही, सबब संयुक्त पाहणी व्हावी असा ठराव मागितला आणि तो झाला, माझ्या समोर इतिवृत्तात लिहिला गेल्यावरच मी उठले. ठरावाची प्रत लावून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली. संयुक्त पाहणी झाली, जागोजाग खड्डे घेऊन बघितलं, आणि पावसाच्या आधी ठेकेदाराने वरच्या आळीचा पाईप बदलून दिला. ठेकेदारांची बिलं राज्यभर थकलीत हे मला माहीत आहे, त्यांची पण अडचण खरी असते, पण ९० मिमीची नोंद करून ६३ चा पाईप टाकणं हा त्याच्यावरचा उपाय नाही, आणि ती नोंद ठेकेदार एकटा करू शकत नाही.

आता दिवसाआड पाणी येतं. ५५ लिटर होत नाही, पण येतं.

राहिलेलं असं आहे. त्रयस्थ तपासणीचा अहवाल "शोध चालू आहे" म्हणून दिलाच नाही, प्रथम अपिलात पण नाही, म्हणून मी ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील केलंय. माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड करायचा अधिकार आयोगाला आहे, पण माहिती आयोगांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या सतर्क नागरिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रात लाखावर प्रकरणं पडून होती, सगळ्या राज्यांमध्ये सर्वात जास्त. माझा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. आणि एमबीवर खोटी नोंद कुणी केली, जास्तीच्या बिलाची वसुली झाली का, याचा चौकशी अहवाल अजून कुणी दाखवलेला नाही. त्यासाठी नवा अर्ज टाकलाय, आणि या वेळी वरच्या आळीतल्या बायकांनी पण आपापल्या नावाने, आपापल्या सहीने अर्ज दिलेत, ज्यांना लिहायला जमत नाही त्यांना कार्यालयानेच लिहायला मदत करायची असते, तशी ती आम्ही तिथंच बसून करून घेतली.