गोव्यात सगळे चालते, मग तुमची वेगळी रात्र कशाला?

"कायदाही आता तुमच्या बाजूने झाला, गोव्यात तर सगळेच चालते, मग तुम्हा समलिंगी, ट्रान्स लोकांना नाचायला वेगळी रात्र कशाला हवी?" हा प्रश्न महोत्सवाच्या रंगमंचामागे चहा पिताना आयोजक विचारतात, म्हापशाच्या बाजारात अचानक भेटलेली शाळेतली मैत्रीण विचारते, आणि गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माझ्या मावशीने नारळ खवता खवता तोच विचारला. तुम्हीही विचारलात, आणि त्यात कुत्सितपणा नव्हता, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी पेडण्याची, व्यवसायाने डीजे. एवढे सांगून भागत नाही, कारण आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे, मिरवणुकीतल्या ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. हे काम धरले तेव्हा आईने एवढेच विचारले होते, "म्हणजे तू त्या ट्रकवर बसणार?" मुलीचे प्रेम मुलीवर आहे हे तिला कसे सांगावे, या विवंचनेत मी काही वर्षे काढली, प्रत्यक्षात तिला ट्रकची काळजी अधिक होती. ऑक्टोबर ते मार्च या हंगामात मी किनाऱ्यावरच्या बारमध्ये, लग्नांत आणि महोत्सवांत वाजवते. पावसाळ्यात शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती उपाहारगृहे, उतरवले जातात, काम आटते, तेव्हा देवळांतल्या नाटकांचे आणि भजनांचे ध्वनिसंयोजन करून घर चालते. आणि महिन्यातून एकदा, मधल्या एखाद्या वारी, आम्ही पाचजणी-पाचजण मिळून आसगावातल्या एका उपाहारगृहाच्या मागच्या अंगणात क्वीअर रात्र, म्हणजे समलिंगी, ट्रान्स आणि आमच्यासारख्या इतरांची नाचण्याची रात्र, भरवतो. मधला वार निवडण्यामागे तत्त्व काहीही नाही, त्या दिवशी जागा रिकामी असते आणि भाडे परवडते.

आता "सगळे चालते" या वाक्याकडे वळते, कारण खरा घोळ तिथेच आहे. 1970 नंतरच्या दशकांत हणजुण्याच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावर परदेशी पाहुणे चांदण्यात उजाडेपर्यंत नाचत, तेव्हा कडेला चटया अंथरून चहा आणि ऑम्लेट विकणाऱ्या बाया गावातल्या होत्या. त्या नाचात नव्हत्या, आणि त्यांच्यातल्या एखादीला नाचावेसे वाटलेच असते, तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिच्याशी कोणी बोलले असते का, याची मला शंका आहे. परतीचे तिकीट खिशात असलेल्यांपुरते "सगळे चालते" खरे होते. आजही ते बरेचसे तसेच आहे.

किनाऱ्यावरच्या अनेक क्लबांच्या दारात माणसांचे तीनच प्रकार ओळखले जातात: कपल, लेडीज आणि स्टॅग, म्हणजे बाईशिवाय आलेला पुरुष. सहा वर्षे एकत्र राहणारे माझे दोन मित्र त्या हिशेबाने दोन स्टॅग ठरतात, त्यामुळे त्यांना एकतर दुप्पट पैसे पडतात किंवा माघारी फिरावे लागते. मी आणि माझी जोडीदार लेडीज ठरतो आणि फुकट आत जातो, पण त्या फुकट प्रवेशाची किंमत आत गेल्यावर वसूल होते, कारण ज्यांच्याकडून पैसे घेतलेले असतात त्यांना आमच्याशेजारी उभे राहण्याचा हक्कही त्याच पैशांत मिळाला असे वाटत असते. माझी एक मैत्रीण ट्रान्स आहे. एका ठिकाणी दारावरच्या माणसाने तिच्या आधार कार्डावर विजेरी धरली आणि त्यावरचे जुने नाव रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचले, मग सहकाऱ्याकडे पाहून पुन्हा एकदा वाचले. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये मान्य केला, ही गोष्ट खरी आहे. त्या निकालाची प्रत दारावर ठेवलेली नसते, हीदेखील खरीच आहे.

कायद्याचेच बोलायचे तर आमच्या पिढीने तो झोपाळ्यासारखा पाहिला. 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून आम्हाला बाहेर काढले आणि 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आत ढकलले. तो हंगामाचा ऐन भर होता. त्या संध्याकाळी मला एका बारमध्ये चार तास वाजवायचे होते आणि मी वाजवले. समोर पर्यटक नाचत होते, आणि मागच्या खांबाशी आमच्यातले चारजण हातातल्या ग्लासाला तोंड न लावता तसेच उभे होते. पुढे 6 सप्टेंबर 2018 रोजी ते कलम आमच्यापुरते निष्प्रभ झाले, तेव्हा चवथ आठवड्यावर आली होती. मी स्टुलावर चढून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगतात त्या मांडवीची, चौकट पुसत होते, फोन खाली थरथरत होता आणि आई म्हणत होती, आधी ते जळमट काढ. विवाहाचा प्रश्न ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयाने संसदेकडे सोपवला, त्यामुळे तो झोपाळा अजून पुरता थांबलेला नाही. पण समजा थांबला, तरी गुन्हेगार न ठरणे आणि अंगणात निर्धास्तपणे हात वर करून नाचता येणे यांत अंतर आहे, आणि ते कोणत्याही न्यायालयाला भरून काढता येत नाही.

मावशीला मात्र मी यातले काही सांगितले नाही. तिला मी धालोंची आठवण दिली. पौष महिन्यात जेवणे आटोपल्यावर गावातल्या बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या पवित्र अंगणात, जमतात, समोरासमोर दोन रांगा धरून गातात, नाचतात, आणि हे काही रात्री चालते. पुरुषांना तिथे स्थान नसते. शेवटच्या रात्री सोंगे निघतात, आणि एरवी डोक्यावरचा पदर न ढळू देणारी माझी आजी आजोबांचे धोतर नेसून, कोळशाने मिशी काढून अशी काही चालायची की हसून हसून आमची पोटे दुखत. बायकांना दिवसभर विहिरीवर, शेतात, देवळात बोलता येत होतेच, मग त्यांना वेगळा मांड कशाला हवा, असे गावात कधी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मावशी खवणीवर तशीच बसून राहिली आणि मग म्हणाली, "पण तुमच्याकडे दारू असते." हा आक्षेप रास्त आहे. धालोंत दारू नसे.

महोत्सवांविषयी मला तक्रार करायची नाही, ते माझे पोट भरतात. 2007 मध्ये कांदोळीला सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव सुरू झाला तेव्हापासून गोव्यातला डिसेंबर मोठ्या रंगमंचांचा झाला, आणि त्यावर आमच्यासारख्यांचीही सोय लागली. मात्र तिथले काम वेगळे आहे. मला बहुधा दुपारी साडेचारची वेळ मिळते. ऊन थेट यंत्रावर पडते, पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून मी ओढणी डोक्यावरून पुढे ओढून तंबूसारखी धरते आणि आत डोके घालून पुढचे गाणे शोधते. एक तास मिळतो, आधीच्या आणि नंतरच्या वादकाच्या मध्ये दहा मिनिटे. लोक कुंपणापलीकडे, वीस-तीस पावलांवर असतात. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त हात दिसतात. अशा ठिकाणी घरून ठरवून आणलेलेच वाजवावे लागते.

हल्ली काही आयोजक जूनमध्ये आठवणीने फोन करतात, कारण 28 जून 1969 रोजी न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये पोलिसांच्या छाप्याला आमच्या लोकांनी प्रतिकार केला आणि तेव्हापासून जगभर तो महिना अभिमानाचा मानला जातो. गोव्यात जून हा पावसाचा महिना आहे, हे त्यांना सांगावे लागते. ज्या हाऊस नावाच्या नृत्यसंगीतावर त्या मोठ्या मैदानांत हजारो लोक नाचतात, त्याचे नावच शिकागोतल्या 'वेअरहाऊस' या क्लबावरून पडल्याचे सांगतात. तो 1977 मध्ये उघडला, फ्रँकी नकल्स तिथे वाजवत आणि नाचणारे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिन समलिंगी तरुण होते, म्हणजे ज्यांना इतर क्लबांच्या दारातून आत घेतले जात नव्हते ते. वेगळी रात्र कशाला, असे तेव्हा कोणी विचारले असते आणि त्यांनी ती बंद केली असती, तर आजचे बरेच महोत्सव मुके राहिले असते. हे वाक्य मी आयोजकांना मानधन हातात पडल्यावरच ऐकवते.

अंगणातल्या रात्री माझ्यापासून सर्वांत जवळचा माणूस हातभर अंतरावर असतो. माझे वडील दशावतारात पायपेटी वाजवत. तिथे संवाद लिहिलेले नसतात, कथानक आधी सांगितलेले असते आणि बाकी सारे समोरच्या गर्दीकडे पाहून रात्रभर रचायचे असते. मी तेच करते. सहा वाजता मिनिटाला शंभर ठोक्यांच्या आसपास सुरुवात होते, कारण तेव्हा लोक अजून कोण आले आहे ते पाहत असतात आणि पाठ भिंतीला लावून उभे असतात. पहिल्यांदा आलेला माणूस ओळखू येतो: तो फोन छातीशी धरतो आणि दाराकडे तोंड करून उभा राहतो. त्याने दाराकडे पाठ केली की मी वेग वाढवते. हा माझा एकमेव खरा नियम आहे. एकशेवीसच्या पुढे गेल्यावर कधीतरी मी आमच्या गावात ध्वनिमुद्रित केलेला घुमट आणि शामेळ या तालवाद्यांचा ठेका खालून आणते. शब्द नसतात, फक्त वाद्ये. दिल्ली-मुंबईहून आलेल्यांना तो एक नवा ताल वाटतो. डिचोली-सत्तरीच्या मुलांच्या चेहऱ्यावर मात्र क्षणभर गोंधळ उमटतो, कारण या ठेक्यावर त्यांनी आजवर चवथीच्या आरतीला घरच्यांसमोर उभे राहून फक्त टाळ्या वाजवलेल्या असतात.

एक चूक सांगायला हवी, कारण आमच्या दारावरचे निम्मे नियम तिच्यातून आले. 2019 मध्ये अशाच एका भरलेल्या क्षणी मी यंत्रामागून अंगणाचे छायाचित्र काढले आणि सगळ्यांना दिसेल असे टाकले. वीस मिनिटांनी काढून टाकले, पण तेवढ्या वेळात डाव्या कोपऱ्यात नाचणारा एक मुलगा त्याच्या थोरल्या भावाला दिसला होता. त्याला तीन आठवडे घरी जाता आले नाही आणि त्या तीन आठवड्यांत चवथ होऊन गेली. गोव्यात चवथीला घरी नसणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पुढच्या महिन्याच्या रात्री तो आला, यंत्रामागे, जिथे कोणाचा कॅमेरा पोहोचत नाही तिथे बसला आणि चार तास केबली गुंडाळत राहिला. आता दार तोच सांभाळतो. तो प्रत्येक फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो आणि ओळखपत्रावर अंगठा ठेवून, नाव झाकून, फक्त जन्मसाल पाहतो. अंगठ्याची युक्ती त्याचीच.

रात्री दहाला आम्ही आवाज बंद करतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि आमच्यासारख्यांनी पोलिसांना दारात येण्याचे निमित्त देणे शहाणपणाचे नाही. त्यासाठी इतर जण हेडफोन लावून नाचण्याचा मार्ग काढतात. आम्ही एकदा करून पाहिला, पण प्रत्येकजण आपापल्या कानात बुडालेला पाहून मला करमले नाही.

दहानंतर अडचण सुरू होते ती घरी जाण्याची. त्या वेळी बस नसते, आणि ओठ रंगवलेल्या मुलाने अनोळखी पायलटच्या, म्हणजे भाड्याने दुचाकीवर नेणाऱ्याच्या, मोटारसायकलवर मागे बसावे असे आम्हाला वाटत नाही. म्हणून तिकिटाच्या पैशांतून एक व्हॅन ठरवलेली असते. ती आधी म्हापशाला जाते, मग महामार्गाने कोलवाळचा पूल ओलांडून धारगळ आणि शेवटी पेडणे. यंत्रे घेऊन मी पुढच्या आसनावर बसते. पूल येईपर्यंत मागे गाणी चालू असतात. पूल आला की चालक आतला दिवा लावतो, पिशव्यांतून साधे सदरे निघतात, कानातले डबीत जातात आणि खोबरेलाची बाटली मागून पुढे फिरू लागते, कारण डोळ्यांचे काजळ आणि गालांवरची चमचम तेलाशिवाय निघत नाही. कापूस मी आणते. गेल्या महिन्यात गर्दी जास्त होती, धारगळलाच तेल संपले, आणि शेवटच्या दोघांनी माझ्या पाण्याच्या बाटलीने अंधारात तोंडे धुतली.