कूलरच्या घरघरीत टीव्हीचं बोलणं: एप्रिल ते जुलैची नोंद

२ एप्रिल

कूलर खिडकीत बसला आणि त्याच संध्याकाळी बाबांचं सुरू झालं, "काय बोलून राहिला हा? वाढव ना जरा." मी वाढवला. जाहिरात लागली तशी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "किती मोठ्ठा केला रे!" पुन्हा कमी केला, पुन्हा बाबांना ऐकू येईना. दरवर्षी जूनपर्यंत आमच्या घरी हेच चालतं. यंदा हा प्रश्न मुळापासून सोडवायचा असं ठरवलंय. बजेट चार हजार, त्यात सगळं बसवायचं.

टीव्ही ४३ इंची, सात वर्षांचा. स्पीकर खालच्या कडेला, तोंड जमिनीकडे. एवढ्या पातळ खोक्यात हवेला जागाच नाही, त्यामुळे खालचे स्वर निघत नाहीत. जे निघतं ते शोकेसच्या फळीवर आपटून, मग कानापर्यंत येतं.

फोनवरच्या ॲपने सोफ्यावर बसून मोजलं. कूलर 'हाय'वर ६२ डेसिबल, 'लो'वर ५५. फोनचं मोजमाप अचूक नसतं, पण एकाच फोनने, एकाच जागी मोजलं तर फरक तरी भरवशाचा निघतो. बोलणं गोंगाटाच्या वर दहा-पंधरा डेसिबल असलं की कान ताणावे लागत नाहीत. म्हणजे मला सोफ्यावर ७५च्या आसपास स्वच्छ बोलणं हवं. टीव्ही तेवढा मोठा होतो, पण तिथवर जाईतो फाटतो.

५ एप्रिल

खर्च करायच्या आधी फुकटातलं सगळं करून पाहिलं. नवीन सामान घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं असं मला मनापासून वाटतं.

टीव्हीच्या साउंड मेनूत इक्वलायझर आहे, म्हणजे खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय. १०० हर्ट्झ (घुमणारे खालचे स्वर) खाली ओढला, ३ किलोहर्ट्झ (वरचे स्वर) दोन घरं वर. 'स', 'श', 'त', 'च', 'क' यांची धार याच भागात आणि त्याच्याही वर असते. बाबा ७१ वर्षांचे आहेत. वयाबरोबर कान आधी वरचेच स्वर गमावतो, म्हणून त्यांना आवाज येतो पण शब्द येत नाही. नुसता व्हॉल्यूम वाढवून हे सुटत नाही, कारण व्हॉल्यूमबरोबर 'आ' आणि 'ओ' पण तितकेच वाढतात आणि व्यंजनं खालीच दबलेली राहतात.

दुसरं, ओटीटीवर ऑडिओ ५.१ वर, म्हणजे सहा चॅनेलचा होता. त्यात संवाद बहुतेक मधल्या चॅनेलमध्ये असतात. टीव्ही सहा चॅनेल दोनात कोंबतो तेव्हा संगीत उसळतं, बोलणं मागे पडतं. ॲपमध्ये स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनेलचा ट्रॅक निवडला. ताबडतोब फरक. बाबा सलग वीस मिनिटं काही बोलले नाहीत.

मग कूलर 'हाय'वर केला आणि पुन्हा पहिले पाढे.

११ एप्रिल

घरात असलेला ब्लूटूथ स्पीकर जोडला. आवाज भरदार, पण मॅचमध्ये बॅटला चेंडू लागतो, तो निम्म्या वाटेवर जातो आणि मग 'टक' येतं. बातमीदाराचे ओठ आधी, शब्द नंतर. टीव्हीत ऑडिओ डिले नावाची सेटिंग आहे, पण ती आवाज आणखी मागे ढकलते. आधीच मागे पडलेला आवाज पुढे आणता येत नाही. ब्लूटूथ बाद.

१६ एप्रिल

नागपूरच्या बर्डीवरच्या एका दुकानातून साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) आणला, ३,४९९ रुपयांना. डब्यावर मोठ्या अक्षरात '१००० वॉट'. घरी येऊन ॲडॉप्टर उलटा करून पाहिला: १२ व्होल्ट, २ अँपिअर. बाराला दोनाने गुणा, २४ वॉट. जी वस्तू भिंतीतून २४ वॉट घेते ती सतत १००० वॉट देणार कुठून? तो आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा, कागदावरचा. मंडळी, दुकानात डबा वाचू नका, ॲडॉप्टर वाचा. आणि आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, किती ते विचारा.

ऐकायला धमधम भरपूर, बोलणं विहिरीतून आल्यासारखं. एचडीएमआय एआरसी (एचडीएमआय केबलमधून टीव्हीचा आवाज बारकडे पाठवायची सोय) नाहीच, फक्त ब्लूटूथ आणि ऑक्स (हेडफोनसारखी साधी वायर). तिसऱ्या दिवशी परत नेला. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, त्या रकमेचं दुसरं सामान घ्या म्हणाला. घेतलं, आणि खरं तर बरंच झालं.

साउंडबारला माझा विरोध नाही. ज्यांच्याकडे जुने स्पीकर नाहीत आणि वायरींचा पसारा नको आहे त्यांनी बारच घ्यावा, पण एआरसी असलेला. ही सोय एचडीएमआय १.४ बरोबर २००९ मध्ये आली, त्यामुळे अलीकडच्या बहुतेक टीव्हींना असते. एका केबलमध्ये आवाजही जातो आणि टीव्हीच्याच रिमोटने बारचा व्हॉल्यूमही हलतो. घरात वडीलधारी माणसं असतील तर ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी.

२३ एप्रिल

मामांच्या महाल भागातल्या घरी माळ्यावर जुन्या म्युझिक सिस्टिमची स्पीकरची जोडी पडून होती. लाकडी खोकी, खालच्या स्वरांचा सव्वापाच इंची कागदी वूफर, वर वरच्या स्वरांचा छोटा ट्विटर, मागे ६ ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) लिहिलेलं. मामा म्हणाले, "घेऊन जा रे, इथं धूळ खाऊन राहिले."

जाळी काढली आणि वूफरच्या कडेच्या फोमला बोट लावलं. बोटाबरोबर तुकडाच निघून आला, काळा, चिकट, ओल्या राखेसारखा. कोन म्हणजे हलून आवाज काढणारा कागदी शंकू; त्याच्याभोवतीची ही फोमची कडी हवा, दमटपणा आणि उष्णतेने सडतेच, आणि माळ्यावर तर तीस वर्षांचे आमचे उन्हाळे होऊन गेलेले. कोन मात्र शाबूत. हाताने हलकेच आत दाबला, त्याच्या मागची तारेची कॉईल कुठे घासत नव्हती. जुने स्पीकर घेताना मी एवढंच बघतो: कोन फाटलेला नाही आणि दाबल्यावर खरखर नाही. फोम बदलता येतो.

ओळखीच्या रिपेअरवाल्या काकांनी दोन्ही कड्या बदलून दिल्या, ८०० रुपयांत. मी दीड तास तिथेच बसून पाहिलं. कोनच्या मधोमध असलेली टोपी ब्लेडने उचलली, कॉईल आणि चुंबकाच्या फटीत एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या खोचल्या, म्हणजे कॉईल बरोबर मध्ये राहते. मग डिंक लावून कडी बसवली. सुकल्यावर पट्ट्या काढून टोपी परत चिकटवली. इतकी निगुतीची कामं करणारे हात आता शहरात थोडेच उरलेत.

२७ एप्रिल

साउंडबारच्या पैशांतून घेतलेलं सामान: टीपीए३११६ चिपचा क्लास-डी ॲम्प्लिफायर, २४ व्होल्ट ४ अँपिअर ॲडॉप्टरसकट १,९०० रुपये. ऑप्टिकल ते आरसीए डॅक (टीव्हीतून प्रकाशाच्या केबलने येणारा डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला चालेल असा करून देणारी डबी), केबलसह ६५०. दहा मीटर स्पीकर वायर ३५०. काकांचे ८०० धरून एकूण ३,७००.

क्लास-डी मुद्दाम घेतला. वीज उष्णतेत फारशी वाया जात नाही, त्यामुळे ४५ अंशाच्या हॉलमध्येही डबी जेमतेम कोमट असते. वॉटची चिंता करू नका. साधारण बुकशेल्फ स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८५-८६ डेसिबल देतो. सोफा तीन मीटरवर, म्हणजे आपल्याला हवे ते ७५ एका-दोन वॉटमध्येच येतात. वॉट दुप्पट केले तरी वाढ फक्त ३ डेसिबलची.

आधी टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून जोडून पाहिलं. 'हुंम्म्म' असा गुणगुणाट. सेट-टॉप बॉक्सची डिशकडून येणारी केबल उपटली की बंद, लावली की सुरू. ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या वस्तूंच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा गुणगुणाट. ऑप्टिकल लावल्यावर पूर्ण शांत, कारण त्या केबलमधून वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी अजून इतकी कामाची आहे याचा मला फार आनंद झाला. एक लक्षात ठेवा: टीव्हीचा डिजिटल आउटपुट 'पीसीएम', म्हणजे साधा डिजिटल आवाज, करा. नाहीतर स्वस्त डॅक डॉल्बीचा सिग्नल उलगडू शकत नाही आणि तुम्ही डॅकच बिघडला समजाल.

२८ एप्रिल

सगळं जोडलं, पण निवेदिकेचा आवाज मधून येईना. दोन्ही भिंतींवर पसरलेला, पोकळ. उजव्या स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली होती. खात्री करायला पेन्सिल सेलची दोन टोकं वायरींना क्षणभर टेकवली. डाव्याचा कोन बाहेर आला, उजव्याचा आत गेला. वायर पलटवल्यावर निवेदिका बरोबर पडद्याच्या मध्यात येऊन उभी राहिली. हा क्षण ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल.

४ मे

जागा. शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेले स्पीकर घुमत होते. फळीच्या अगदी कडेला आणले, एकमेकांपासून साडेसहा फूट, ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, तोंड थोडं सोफ्याकडे. हॉलमध्ये टाळी वाजवली की टाइल्स आणि भिंतींमधून 'झिंग' परत यायचं. आईने सतरंजी अंथरली. झिंग निम्मं झालं, आणि शब्दांमागे रेंगाळणाऱ्या शेपट्या तुटल्या.

१२ मे

यात सगळ्यात जास्त फायदा करून देणारी गोष्ट फुकट निघाली. कूलरचा पत्रा खिडकीच्या लोखंडी स्टँडवर थरथरत होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे दुमडून चारही पायांखाली घातले, पंख्याचे स्क्रू कसले. 'हाय'वर ६२ चे ५८ झाले. तेवढे ४ डेसिबल ॲम्प्लिफायरमधून काढायचे तर अडीचपट वॉट लागले असते, आणि आईची तक्रार आलीच असती. आवाज सुधारायला निघालात तर आधी गोंगाट मोजा, हे मी आता सगळ्यांना सांगतो.

२९ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. कूलर दिवसभर 'हाय'वर. रिमोटचा घोळ शिल्लक होता: ऑप्टिकलवर टीव्हीचा व्हॉल्यूम चालत नाही, ॲम्प्लिफायरचा नॉब फिरवायला उठावं लागतं, आणि बाबांचे गुडघे दुखतात. शेवटी कळलं की आमचा सेट-टॉप बॉक्स स्वतःचा व्हॉल्यूम आतच कमी-जास्त करून पुढे पाठवतो. नॉब घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवून दिला, बाबा बॉक्सच्याच रिमोटने चालवतात. ओटीटीला मात्र अजून नॉबच.

८ जुलै

पाऊस लागला, कूलर बंद, झाकून ठेवला. सोफ्यावर ३९ डेसिबल. नॉब बारावरून नऊवर आणला. काल रात्री बाबा बातम्या बघत होते आणि आई बाजूच्या खोलीत झोपली होती, दार उघडं ठेवून.