बादली उचलली आणि आजोबा धावत आले

रविवार होता, २८ सप्टेंबर २०२५. दसरा चार दिवसांवर आलेला. स्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला आमच्या घरामागे छोटंसं अंगण आहे, तिथे गाडी लावतो. बादलीत शांपू कालवला, फडकं खांद्यावर टाकलं आणि बॉनेटवर पहिला मग ओतणार, तोच शेजारचे आजोबा सपाता घालूनच धावत आले. "नको, नको! इथे नाही!"

मला राग आला, आणि तो दोन दिवस गेला नाही. गाडी माझी, नळ माझा, पाण्याचं बिल मी भरतो. दसऱ्याच्या आधी बाबांनी दारात गाडी धुतली नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. आधी स्कूटर होती, मग सँट्रो आली. आणि इथे, जिथून मर्सिडीज आणि पोर्शे जगभर जातात त्या शहराच्या कुशीत, माणसाने आपल्या दारात आपली गाडी धुवायची नाही?

आजोबांनी मला अंगणातल्या जाळीपाशी नेलं. म्हणाले, हे पाणी मैला शुद्ध करायच्या केंद्रात जात नाही. पावसाच्या पाइपातून ते सरळ ओढ्याला आणि तिथून नेकार नदीला मिळतं. गाडीवरून नुसती माती उतरत नाही. ब्रेकची धातूची भुकटी, तेल, टायरचे कण, सगळं त्याबरोबर जातं. धुलाई केंद्रात ते तेल वेगळं करणाऱ्या टाक्या असतात. जर्मनीत पाण्याचा कायदा देशाचा असला तरी घरी गाडी धुवायची की नाही हे गावोगावी वेगळं ठरतं. कुठे नुसत्या पाण्याने चालतं, कुठे तेही नाही. कच्च्या जमिनीवर तर नाहीच. शिवाय त्या रविवारी धुलाई केंद्रंही बंद होती.

मुठेच्या काठावर वाढलेल्या माणसाने यावर काय बोलायचं? गप्प बसलो. पण एक सांगतो. आमच्या पुण्याच्या सोसायटीत पहाटे साडेपाचला येणारे दादा एका गाडीला एकच बादली वापरतात. सोमवारी संध्याकाळी इथल्या केंद्रात नाणी टाकून मी प्रेशरच्या नळीने गाडी धुतली, तेव्हा त्याच्या कितीतरी पट पाणी गेलं. तिथे स्वतःची बादली न्यायलाही बंदी! पाणी वाचवण्याबद्दल तरी कुणी आपल्याला शिकवू नये, हे माझं मत अजूनही कायम आहे.

घरी आलो तर आजोबा वाटच बघत होते. पाणी न सांडता जे होतं, ते घरी करायला कुणाची हरकत नाही. म्हणाले, माझ्या गॅरेजात आणा. पुढे कळलं की त्यांनी सगळी नोकरी गाड्यांच्या कारखान्यात, रंगाच्या विभागात केली आहे.

मंगळवारी त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझ्या हातावर भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि म्हणाले, आता बॉनेटवरून हात फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागत होतं ते पिशवीतून रव्याच्या लाडवासारखं खरखरीत लागलं. रंगात रुतलेले कण होते ते. ते काढायला मग क्ले, म्हणजे कणकेच्या गोळ्यासारखी मऊ माती. फवारा मारायचा, गोळा हलक्या हाताने सरकवायचा, मळला की दुमडून स्वच्छ बाजू वर घ्यायची. जमिनीवर पडला तर थेट कचऱ्यात.

नंतर त्यांनी टॉर्च तिरपा धरला. काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे उमटले. वरचा पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे त्यातलाच थोडा थर घासून काढणं, म्हणून ते दर सणाला करायचं नसतं. पॉलिशिंग मशीनच्या पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके, एका वेळी हातभर चौकोन, आधी हळू पसरायचं, मग वेग वाढवायचा. मशीन दाबायचं नाही, त्याचं वजनच पुरतं. माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून ते दाब तपासत होते. दहावीनंतर कुणी मला असं हात धरून शिकवलेलं नाही.

बुधवारी वॅक्स. कार्नौबा, ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण. त्याचा थर इतका पातळ की लावलाय की नाही कळू नये. धूसर झाला की कोरड्या मायक्रोफायबरने पुसायचा. (ती फडकी धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालायचं नाही. मी घालत होतो!)

बुधवार म्हणजे खंडेनवमी. काम संपल्यावर मी आजोबांना म्हटलं, आमच्याकडे आज हत्यारांची पूजा असते. त्यांनी पॉलिशिंग मशीन लगेच पुसलं, वायर नीट गुंडाळली आणि बाकावर स्वच्छ फडकं घालून त्यावर ठेवलं. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एक फूल ठेवलं. आजोबा हात पुढे बांधून उभे होते. मग आत जाऊन बायकोला बोलावून आणलं.

दसऱ्याला आईने व्हिडिओ कॉलवर गाडी पाहिली. बाबांनी मात्र फोन बॉनेटजवळ न्यायला सांगितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आपल्या सँट्रोवर ते गोल गोल डाग होते, ते फडक्यानेच का रे?" मी हो म्हटलं. बादलीच्या तळाची रेती फडक्याला चिकटते आणि तीच रंगावर फिरते. धुवायची एक बादली, फडकं खळबळायची दुसरी, एवढ्याने ते वाचतं. सोसायटीतल्या दादांसाठी दिवाळीला मी चांगली फडकी घेऊन येतो, असंही म्हटलं.

"फडकी आण," बाबा म्हणाले. "पण त्यांना आठच्या आत चाळीस गाड्या उरकायच्या असतात. नळ एकच आहे, पार्किंगच्या त्या टोकाला."

दुसरी बादली कुणी भरायची, यावर आमचं अजून बोलणं चालू आहे. बाबा म्हणतात, आपल्या गाडीपुरती ते रात्रीच भरून ठेवतील.